प्रोबेटची सक्ती गेली, फेऱ्या उरल्या

मुंबईतील घराबाबतच्या मृत्युपत्रावर उच्च न्यायालयाची मोहोर उमटलीच पाहिजे, ही जवळपास दीडशे वर्षांची अट डिसेंबर २०२५ मध्ये कायद्यातून गेली. ७१ जुने कायदे मोडीत काढणाऱ्या निरसन व सुधारणा कायद्यातच भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ मधील कलम २१३ वगळण्यात आले. त्यावर फारशी चर्चा झाली नाही. बदल मात्र मोठा आहे. आई-वडिलांच्या मागे फ्लॅट, ठेवी आणि शेअर नावावर करून घेताना ज्यांनी वर्ष-दीड वर्ष वकिलांकडे खेटे घातले, त्यांना त्याचे मोल ठाऊक आहे.

पण सक्ती गेली म्हणून काम सुटसुटीत झाले, असे समजणे घाईचे ठरेल. कायद्याने मागणे सोडलेला कागद सोसायटी, बँक आणि खरेदीदाराचा वकील मागतच राहिला, तर वारसांच्या दृष्टीने काय बदलले?

प्रोबेट म्हणजे नेमके काय?

मृत्युपत्र खरे आहे, ते करणाऱ्याने शुद्धीत आणि स्वेच्छेने केले आहे आणि तेच शेवटचे आहे, याची न्यायालयाने दिलेली प्रमाणित ग्वाही म्हणजे प्रोबेट. मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीला, म्हणजे एक्झिक्युटरला, ते मिळते. एक्झिक्युटर नेमलाच नसेल, तर त्याऐवजी ‘लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ मिळते आणि त्याला मृत्युपत्राची प्रत जोडलेली असते. मृत्युपत्रच नसेल तर बँकेतील रक्कम, शेअर, रोखे यांसाठी ‘सक्सेशन सर्टिफिकेट’ घ्यावे लागते. हे घरा-जमिनीला चालत नाही. त्यासाठी महाराष्ट्रात वारसा प्रमाणपत्र आहे आणि त्याचा आधार मुंबई इलाख्याचा १८२७ चा आठवा विनियम! येत्या २०२७ मध्ये त्याला दोनशे वर्षे होतील.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. प्रोबेट न्यायालय मृत्युपत्र खरे की खोटे एवढेच ठरवते. त्यात लिहिलेले घर खरोखर मृताच्या मालकीचे होते का, ते वडिलोपार्जित होते का, हे प्रश्न तिथे सुटत नाहीत. त्यासाठी वेगळा दावा करावा लागतो. प्रोबेट हाती आल्यावरही भाऊ भावाविरुद्ध दिवाणी न्यायालयात उभा राहिलेला दिसतो, तो याचमुळे.

ही सक्ती मुंबईलाच का होती?

याचे उत्तर १८७० मध्ये आहे. त्या वर्षीचा हिंदू मृत्युपत्र कायदा बंगाल प्रांत आणि मद्रास व मुंबई या शहरांपुरता होता. ब्रिटिशांची उच्च न्यायालये जिथे थेट दिवाणी दावे चालवत, तिथे ही शिस्त आली आणि १९२५ च्या कायद्याने ती तशीच उचलली. त्यामुळे हिंदू, बौद्ध, शीख, जैन आणि १९६२ पासून पारशी यांनी या शहरांच्या हद्दीत केलेल्या किंवा तिथल्या स्थावर मालमत्तेबाबतच्या मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचे झाले. मुस्लिमांना ते कधीच नव्हते, ख्रिश्चनांना २००२ च्या दुरुस्तीने त्यातून वगळले.

परिणाम विचित्र होता. मुलुंडच्या फ्लॅटचे मृत्युपत्र असेल तर उच्च न्यायालयात जा, नाका ओलांडून ठाण्यात मृत्युपत्र केले आणि घरही ठाण्यातच असेल तर सक्ती नाही. पुणे, नाशिक, नागपूरकर या अटीतून मोकळे होते. केंद्रीय विधि आयोगाने २००८ मध्ये, आपल्या २०९व्या अहवालात, हे कलम काढून टाकावे अशी शिफारस केली होती. ती अमलात यायला १७ वर्षे लागली. एका कलमाची एवढी रखडपट्टी, तर त्याखालच्या अर्जांची गोष्टच सोडा.

वाद नसतानाही वेळ का लागतो?

प्रोबेटच्या अर्जासोबत मूळ मृत्युपत्र न्यायालयात जमा करावे लागते. मृत्यू दाखला, सर्व मालमत्तेची किमतीसह यादी, सर्व कायदेशीर वारसांची नावे-पत्ते आणि मृत्युपत्रावर सही करणाऱ्या दोनपैकी किमान एका साक्षीदाराचे शपथपत्र जोडावे लागते. मालमत्तेच्या किमतीनुसार कोर्ट फी भरावी लागते. मग वारसांची लेखी संमती सादर करायची किंवा त्यांना ‘सायटेशन’ म्हणजे नोटीस बजावायची. त्यानंतर कार्यालय अर्ज तपासते आणि त्रुटी काढते. एखाद्या वारसाचे नाव आधार कार्डावर एक आणि मृत्युपत्रात दुसरे, लग्नाआधीचे आडनाव, फ्लॅटच्या क्षेत्रफळातील तफावत अशा त्रुटी दूर करण्यातच महिने जातात. साक्षीदार हयात नसला किंवा सापडत नसला, तर त्याची सही ओळखणारा माणूस शोधावा लागतो. मृत्युपत्र करणारा ८० वर्षांचा आणि साक्षीदार त्याचे समवयस्क मित्र, हे आपल्याकडचे नेहमीचे चित्र. तेव्हा ही अडचण अपवादाने येत नाही.

कोणी शपथपत्रासह कॅव्हेट दाखल करून हरकत घेतली, तर अर्जाचा दावा होतो. मग पुरावे, उलटतपासणी, तारखा. हे वर्षानुवर्षे चालते आणि तोवर घर ना विकता येते, ना त्यावर कर्ज मिळते.

मुंबईत पुनर्विकासाला निघालेल्या कोणत्याही जुन्या सोसायटीची सदस्य यादी पाहावी. एखाद्-दुसरा फ्लॅट तरी हयात नसलेल्या माणसाच्या नावावर असतो. विकासकाशी करार कोणी करायचा? पर्यायी घराचे भाडे कोणाच्या खात्यात जमा करायचे? त्या घरात राहणाऱ्या विधवेला घर रिकामे करावेच लागते, पण भाड्याचा धनादेश तिच्या नावाने निघत नाही. प्रक्रियेतील दिरंगाईची किंमत अशी मोजली जाते.

सक्ती गेली, मग आता सोपे झाले ना?

कायद्याच्या पुस्तकात, हो. मृत्युपत्राच्या आधारे आता मुंबईतही प्रोबेटशिवाय हक्क सांगता येतो. पण प्रोबेटचा निकाल सर्वांवर बंधनकारक असतो, केवळ समोर असलेल्या पक्षकारांवर नव्हे. ही ताकद साध्या, अगदी नोंदणीकृत मृत्युपत्रालाही नाही. नोंदणी केली म्हणून मृत्युपत्र निर्विवाद होत नाही. दोन कोटींचे घर घेणारा किंवा त्यावर कर्ज देणारी बँक ‘प्रोबेट आहे का’ असे विचारते, त्याचे कारण हेच. उद्या दुसरे मृत्युपत्र घेऊन कोणी उभे राहिले तर?

म्हणजे कलम गेले तरी ज्या गरजेपोटी लोक प्रोबेट घेत होते, ती गेलेली नाही. फरक एवढाच, की पूर्वी न्यायालय हे दार होते. आता प्रत्येक कार्यालय आपापले दार झाले आहे. सोसायटीचे सचिव, बँकेच्या शाखेचे व्यवस्थापक, शेअर नोंदणी करणारी संस्था, प्रत्येकाने मृत्युपत्र खरे की खोटे याचा अंदाज बांधायचा. सोसायटीच्या व्यवस्थापक समितीकडून ही अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. आणि घाबरलेला सचिव काय करतो? ‘कोर्टातून आणा’ म्हणतो. त्यात त्याचे काही जात नाही.

दुसरी बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. प्रोबेटची प्रक्रिया कटकटीची असली तरी त्यात एक गोष्ट मोलाची होती: प्रत्येक वारसाला नोटीस जात असे. सासरी गेलेल्या मुलीला किंवा दुसऱ्या शहरातल्या भावाला ‘असे मृत्युपत्र पुढे आले आहे’ हे त्यामुळे कळत असे. आता मृत्युपत्र थेट सोसायटीपुढे ठेवून नाव चढवले गेले, तर वगळलेल्या मुलीला ते कळेल कसे? कदाचित पुनर्विकासाचा करार झाल्यावर. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना समान हक्क दिला खरा, पण हक्कसोड पत्रावर सही घेताना घराघरांत काय चालते ते सगळ्यांना माहीत आहे. प्रक्रिया वेगवान करताना नोटिशीला कात्री लावली, तर वाचलेला वेळ पुढे दाव्यांच्या रूपाने व्याजासह परत येईल.

नॉमिनी असला की झाले?

नाही. ‘मी नॉमिनी आहे, म्हणजे मालक मीच’ या समजुतीने मोडलेली घरे मोजता येणार नाहीत. नॉमिनी हा साधारणपणे विश्वस्त असतो. पैसे स्वीकारायचे आणि खऱ्या वारसांना द्यायचे, एवढेच त्याचे काम. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये विम्याबाबत सरबती देवी खटल्यात हे सांगितले आणि डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात शेअर व म्युच्युअल फंडांबाबतही तेच स्पष्ट केले. अपवाद विम्यातच आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर ती रक्कम त्यांचीच होते. एकाच माणसाच्या मागे राहिलेल्या चार गोष्टींना चार नियम, हे कुटुंबाने दुःखाच्या काळात समजून घ्यावे अशी आपली अपेक्षा!

सहकारी सोसायटीबाबत २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात आलेले कलम १५४ब-१३ बऱ्यापैकी व्यवहारी आहे. मृत सदस्याचा हक्क मृत्युपत्र, सक्सेशन सर्टिफिकेट, वारसा प्रमाणपत्र किंवा वारसांनी मिळून केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त यांच्या आधारे हस्तांतरित करता येतो. नॉमिनीला हंगामी सदस्य करून घेता येते. म्हणजे सगळे वारस एकमताने असतील, तर एका दस्ताने काम व्हायला हवे. अनेक सोसायट्यांत हे कलम माहीतच नसते.

बँकांना जमले, ते इतरांना का नाही?

या सगळ्या गुंत्यात एका संस्थेने वाट दाखवली आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये मृत खातेदारांच्या दाव्यांबाबत एकसारखे निर्देश काढले. नॉमिनी असेल तर रक्कम कितीही असो, बँकेने प्रोबेट किंवा सक्सेशन सर्टिफिकेट मागायचे नाही. नॉमिनी नसेल आणि वाद नसेल, तर व्यापारी बँकांत १५ लाख आणि सहकारी बँकांत ५ लाख रुपयांपर्यंत साध्या कागदांवर दावा निकाली काढायचा. सर्व कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे. बँकेमुळे उशीर झाला तर बँक दराच्या वर चार टक्के व्याज भरायचे. हे सारे लागू करण्यासाठी बँकांना ३१ मार्च २०२६ ही अखेरची तारीख दिली होती. १ नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चार नॉमिनी नेमण्याचीही सोय झाली.

यात जादू काहीच नाही. कोणते कागद मागायचे हे ठरवले, मुदत घातली आणि उशिराचा दंड उशीर करणाऱ्याच्या माथी मारला. हाच नियम सहकार खात्याला सोसायट्यांसाठी करता येईल. मृत्यू दाखला, वारसांचे शपथपत्र, मृत्युपत्राची प्रत, बाकीच्या वारसांना पाठवलेल्या नोटिशीची पोच आणि ठरावीक दिवसांत हरकत आली नाही तर नाव चढवणे बंधनकारक. हरकत आलीच, तर न्यायालय आहेच.

हे न केल्यास काय होते, त्याचे मोजमाप रिझर्व्ह बँकेच्याच ताळेबंदात आहे. दहा वर्षे कोणी न विचारलेल्या ठेवी ज्या निधीत जमा होतात, त्यात मार्च २०२४ अखेर ७८,२१३ कोटी रुपये होते. हे सगळेच पैसे मृतांचे नाहीत. पण वडिलांचे कोणत्या बँकेत खाते होते हेच मुलांना माहीत नसणे, किंवा ४० हजारांसाठी कोर्टात कोण जाणार म्हणून सोडून देणे, या दोन्ही गोष्टी त्यात आहेत. अशा ठेवी शोधण्यासाठी ‘उद्गम’ हे पोर्टल २०२३ पासून सुरू आहे.

विनावाद प्रकरणे न्यायाधीशांपुढे कशाला?

सुधारणेचा खरा मुद्दा हा. मृत्युपत्राला कोणाची हरकत नाही, सगळ्या वारसांनी संमती दिली आहे, साक्षीदाराचे शपथपत्र आहे, अशा अर्जात न्यायनिवाडा करण्यासारखे उरते काय? उरते ती तपासणी. ती प्रशिक्षित निबंधक करू शकतो. इंग्लंडमध्ये, म्हणजे ज्यांच्याकडून आपण हे प्रोबेट घेतले त्यांच्याकडे, विनावाद प्रोबेट न्यायाधीशापुढे जातच नाही. प्रोबेट रजिस्ट्री ते देते. अर्ज ऑनलाइन करता येतो आणि ५ हजार पौंडांवरच्या इस्टेटीला मे २०२४ पासून सरसकट ३०० पौंड फी आहे. तिथेही सारे आलबेल नाही. २०१९ मध्ये नवी संगणक यंत्रणा आणताना अर्ज तुंबले आणि त्यानंतरही विलंबाच्या तक्रारी होत राहिल्या. नुसते पोर्टल उघडून काम होत नाही, हा धडा आपल्यालाही लागू आहे.

इतक्या लांब जाण्याचीही गरज नाही. शेजारच्या गोव्यात वाद नसेल तर वारस ठरवण्यासाठी न्यायालयात जावे लागत नाही. उपनिबंधकच विशेष नोटरी म्हणून वारसांचा दस्त करतो, त्याची जाहीर प्रसिद्धी होते आणि हरकतीला वाव राहतो. पोर्तुगीज काळापासूनची ही पद्धत २०१२ च्या गोवा उत्तराधिकार कायद्याने कायम ठेवली. सावंतवाडीतल्या कुटुंबाला जे दिवाणी न्यायालयातून मिळवावे लागते, ते पेडण्यात उपनिबंधक कार्यालयात होते.

महाराष्ट्रात शेतजमिनीच्या बाबतीत आपणही हे करतोच. वारस नोंदीचा अर्ज, नोटीस, हरकतीची मुदत, मग फेरफार. न्यायालय लागते ते वाद असेल तरच. २०२५ मध्ये महसूल विभागाने ‘जिवंत सातबारा’ मोहीम राज्यभर राबवली, ती मृत खातेदारांऐवजी वारसांची नावे लावण्यासाठी. गावातील दहा एकरांना जी पद्धत चालते, ती शहरातील साडेचारशे चौरस फुटांना का चालू नये?

आणखी एक दुवा जोडता येण्यासारखा आहे. नोंदणीकृत मृत्युपत्र करणारा हयात असेपर्यंत त्याची प्रत दुसऱ्या कोणाला मिळत नाही, ते योग्यच. पण मृत्यूनंतरही, ते कोणत्या कार्यालयात नोंदले हे ठाऊक नसेल तर शोधायचे कुठे? जन्म-मृत्यू नोंदणीचा राष्ट्रीय विदा उभारण्याची तरतूद ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. मृत्यू दाखल्याच्या क्रमांकावर ‘या व्यक्तीचे मृत्युपत्र नोंदलेले आहे की नाही, असल्यास कुठे आणि कोणत्या तारखेचे’ एवढे उत्तर मिळाले, तरी ‘शेवटचे मृत्युपत्र कोणते’ यावरचे बरेच वाद सुरूच होणार नाहीत. राज्याच्या नोंदणी विभागाला हे अशक्य नाही.

सध्या काय करावे?

मुंबईतील मृत्युपत्राच्या आधारे सोसायटीत नाव लावायचे असेल, तर प्रोबेटशिवाय अर्ज करा आणि नकार आला तर तो लेखी मागा. तोंडी ‘कोर्टातून आणा’ला आव्हान देता येत नाही, लेखी नकाराविरुद्ध निबंधकांकडे जाता येते. वारसांत कुरबुर असेल, मृत्युपत्रात एखाद्याला वगळले असेल किंवा घर लगेच विकायचे असेल, तर प्रोबेट घेणेच शहाणपणाचे; ते ऐच्छिक झाले आहे, बंद झालेले नाही. आधी मिळालेल्या प्रोबेटची वैधता कायम आहे. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये मृत्युपत्र सिद्ध झालेले असेल, तर त्याची प्रमाणित प्रत लावून इथे लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन मिळवण्याची सोय कलम २२८ मध्ये आहे.

आणि जे मृत्युपत्र करणार आहेत त्यांनी दोन साक्षीदार आपल्याहून वयाने लहान निवडावेत, एक्झिक्युटरचे नाव न चुकता लिहावे, घराचे वर्णन करारनाम्यात आहे तसेच उतरवावे आणि ते कोठे ठेवले आहे, हे निदान एका माणसाला सांगून ठेवावे.